अंगणात येऊन सांग

१४ जानेवारी

धाकट्या,

'आदरणीय फादर' असं लिहून पहिला कागद फाडला. 'प्रिय भावास' लिहून दुसरा फाडला. आता जे लहानपणापासून तोंडात बसलंय तेच लिहिते. रागावलास तर रागाव. मी आधीच रागावलेली आहे, म्हणजे फिटंफाट.

पत्ता बिशपांच्या कचेरीतून मिळवला. तिथला कारकून म्हणतो, "बाई, ते फार लांब मठात आहेत, त्यांना शांतता हवी आहे." म्हटलं, शांतता मलाही हवीय, कुठल्या खिडकीवर मिळते तेवढं सांगा. मग त्यानं मुकाट्यानं पत्ता दिला.

सुतार गेला. जेलमध्ये. ताप होता म्हणतात. प्रेतही घरी आणू दिलं नाही. निम्म्या गावाच्या शवपेट्या त्या माणसानं केल्या आणि त्याला स्वतःला कशात पुरलं, ते त्याच्या बायकोला माहीत नाही. सुतारीण रडत नाही. कारखान्याच्या पायरीवर बसते आणि त्याच्या रंध्याला तेल लावते. मी समोरच्या खिडकीत मशीनवर असते. ती वर बघेल म्हणून मान खाली घालून शिवते, आणि दिवसाला एक तरी शिवण वाकडी जाते.

चर्चच्या भिंतीवर कुणीतरी डांबरानं लिहून ठेवलंय, 'पिशवीवाला'. एवढंच. सगळ्यांना कळतं.

छापखानेवाले चौकात उभे राहून सांगत असतात. धाड पडली त्या रविवारी त्यांच्या पाठीत उसण भरली म्हणून ते मंडळाच्या गुप्त सभेला गेले नाहीत आणि वाचले, हे त्यांच्या मनाला लागलंय. त्यामुळे बोलणं थांबत नाही. "सुताराच्या कारखान्यात सहा जण बसले होते. पोलिसांनी दार फोडलं. पाच जणांचे हात रिकामे, आणि फादरच्या हातात पिशवी! कोर्टात उघडून दाखवली. दोन बनियन, मोजे, दाढीचं सामान. सभेला दाढीचा ब्रश घेऊन कोण येतं? ज्याला ठाऊक असतं की उद्याची दाढी घरी होणार नाही, तो. आणि पुढं काय झालं? पाच जणांना सहा-सहा वर्षं, आणि फादरसाठी बिशपांनी शब्द टाकला न् त्यांना बोटीत बसवून दिलं!"

मी काय उत्तर देऊ? तुझी खोली आवरायला मीच गेले होते. फडताळातून ब्रश गेलेला मी त्यांच्या आधी पाहिलाय.

आता सरळ विचारते. तुला आधी माहीत होतं का? हो की नाही, एवढंच लिही. माहीत होतं, तर आमच्या मास्तरांना का सांगितलं नाहीस? तुझे सख्खे मेव्हणे ना रे ते? सुताराला का सांगितलं नाहीस? आणि माहीत होतं, तर तू स्वतः कशाला जाऊन बसलास? याच एका प्रश्नावर माझं डोकं येऊन अडतं, नाहीतर मीही डांबराची बादली घेतली असती.

ताई

५ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र आलं. चार पानं. पहिल्या पानावर मठाचं छप्पर, दुसऱ्यावर मुळ्याचे वाफे, तिसऱ्यावर तिथले म्हातारे मठाधिपती आणि त्यांचा बहिरा कान. चौथ्यावर थंडी, आणि तुझ्या छातीत भरलेला कफ. आणि अगदी तळाशी, जागा उरली नाही म्हणून बारीक अक्षरात, 'ताई, मला तो प्रश्न विचारू नकोस. तो नाही आणि त्याच्या आसपासचाही नाही.'

वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. मुळ्याचे वाफे! इथं माझा नवरा आत कुजतोय.

तू असा नव्हतास रे. तू कधी तोंडात मिठाची गुळणी धरशील असं आईला कुणी सांगितलं असतं तर ती हसून मेली असती. सात वर्षांचा होतास तेव्हा शाळेत परक्या भाषेत प्रार्थना म्हणायला लावली म्हणून बाकावर उभा राहिलास आणि आपल्या भाषेत ओरडून म्हटलीस. गुरुजींनी वेताच्या छडीनं पोटऱ्या सोलल्या. मी तूप लावत होते, तर तू म्हणतोस, "ताई, देवाला दोन्ही येतात, मी विचारलंय त्याला." फादर व्हायला सेमिनरीत गेलास तेव्हा मला वाटलं, चला, आता तरी हा गप्प बसायला शिकेल. कसलं काय! वेदीवर चढलास आणि तिथूनच सुरू झालास.

तुला आठवतो का तो पोलिसांचा लिहिणारा? पहिल्या बाकावर वही घेऊन बसायचा, तुझं प्रवचन उतरवून घ्यायला. तू बायबलातला फारो राजा सांगितलास, त्यानं लोकांना कसं गुलाम केलं, मग त्याचं काय झालं. दुसऱ्या दिवशी फौजदार घरी हजर. "हा फारो कोण? राहतो कुठं? तुमच्या मंडळात कधीपासून आहे?" तू चेहरा सरळ ठेवून म्हणालास, "साहेब, तो बुडाला." आणि त्यानं तेही लिहून घेतलं. मास्तर आतल्या खोलीत उशी तोंडात धरून हसत होते.

शवपेट्यांतून पत्रकं पाठवायची युक्ती तुझीच. सुतार रिकामी पेटी करायचा, तू झगा घालून पुढं चालायचास, आणि नाक्यावरचे शिपाई टोप्या काढून उभे राहायचे. मी म्हटलं होतं, अरे, मेलेल्यांची थट्टा करतोस. तू म्हणालास, "ताई, मेलेले आपल्या बाजूचेच आहेत."

बिशपांनी तीनदा बोलावून झापलं. प्रवचन बंद केलं, तर तू पाणी भरायच्या रांगेत उभा राहून बोलायला लागलास. असा माणूस, आणि आता मला 'त्याच्या आसपासचाही नाही'!

मी अजून दार लावलेलं नाही. उत्तर लिही. मुळे नकोत.

ताई

२२ एप्रिल

धाकट्या,

परवा मास्तरांना भेटून आले. टेबलाच्या या टोकाला मी, त्या टोकाला ते, मध्ये शिपाई उभा. फार वाळलेत. दाढी पांढरी झालीय. माझ्याकडे बघत नाहीत. टेबलाच्या लाकडाकडे बघून बोलतात.

मी तुझ्यावर सुरू झाले. झालेच. सुताराचं सांगितलं, डांबराचं सांगितलं, मुळ्याचं सांगितलं. म्हटलं, माझ्या भावानं तोंड उघडलं असतं तर तुम्ही आज मुलांना भूमिती शिकवत असता. त्यांचा चेहरा असा उतरला की मी घाबरले. म्हणाले, "अगं, त्याला काही बोलू नकोस. माझ्यासमोर तरी बोलू नकोस." म्हटलं, का बोलू नको? तुम्हाला त्याचा एवढा कळवळा का? तर उठून उभे राहिले आणि शिपायाला म्हणाले, भेट संपली. अजून वेळ होता रे! शिपायालाच आश्चर्य वाटलं.

घरी आल्यापासून मला बसवत नाही. उभी राहिले तर उभंही राहवत नाही. कापड कापायला घेतलं आणि बिशपांच्या झग्याची बाही दोन्हीकडे डावीच कापली. आता ती कुठं खपवू?

तुम्ही दोघं माझ्यापासून काहीतरी लपवताय. हा वास मला लहानपणापासून कळतो.

तुझा कफ कमी झाला का? हे विचारायचं नव्हतं, पण लिहून झालं, राहू दे.

ताई

१६ जून

धाकट्या,

तुझ्याकडे बातमी पोचली असेलच. सरकार गेलं. एवढी वर्षं ज्यासाठी तू घसा फोडलास ते एका मंगळवारी, जेवणाच्या सुमाराला झालं. कलेक्टरच्या कचेरीवरून झेंडा उतरवला. उतरवणारा शिपाई तोच, जो रोज चढवायचा. मला नव्या झेंड्यांची ऑर्डर मिळाली. कुठला रंग वर न् कुठला खाली, हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं, त्यामुळे दोन वेळा उसवले. शेवटी छापखानेवाले आले आणि म्हणाले, ताई, तुम्ही शिवाल तो खरा. असं आपलं स्वातंत्र्य.

तू इथं असायला हवा होतास. हे मनापासून लिहिते. घंटा वाजत होती तेव्हा मी रडले ते आनंदानं नाही.

मास्तर सुटले. लोकांनी त्यांना जेलच्या दारातून खांद्यावर उचललं ते घरापर्यंत. वर बसून ते सारखे "खाली उतरवा, खाली उतरवा" म्हणत होते. लोकांना वाटलं विनय.

पण घरात आल्यापासून ते मागच्या पायरीवर बसून आहेत. जेवायला हाक मारली की दचकतात. चर्चमध्ये मिस्सेला येत नाहीत. नवे फादर दोनदा येऊन गेले, तर मास्तर मागच्या दारानं बाहेर.

आता तुझं. मठातल्या डॉक्टरांचं पत्र बिशपांकडे आलंय, ते मला कारकुनानं वाचून दाखवलं. छाती पोखरलीय. तिथल्या थंडीत आणखी एक हिवाळा निघणार नाही. घरच्या हवेत निघेल. बिशप म्हणतात, फादरांना परत आणायला हरकत नाही, पण गावानं हो म्हटलं पाहिजे, मला रक्तपात नको. आणि गावानं काय ठरवलंय ठाऊक आहे? येता सोडून पुढच्या रविवारी चौकात सुटून आलेल्यांचा सत्कार. मास्तर मुख्य. त्याच सभेत ठराव, की पिशवीवाल्यानं पुन्हा या गावात पाऊल टाकू नये. छापखानेवाल्यांची मंडळी म्हणतात, ठराव सौम्य आहे, आमचं ऐकलं असतं तर पाय मोडायचे होते.

तू लिहिलंयस की आईच्या कबरीजवळ बसावंसं वाटतं. मी तुझ्यावर एवढी चिडलेली असूनही ती ओळ दोनदा वाचली. तुला तिथं, अनोळखी लोकांत, मुळ्यांच्या शेजारी पुरलेलं मला चालणार नाही. तू गुन्हेगार असलास तरी चालणार नाही.

एकदा लिही रे. हो किंवा नाही.

ताई

२१ जून

धाकट्या,

मला सगळं कळलंय. तू उत्तर देऊ नकोस. हो म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस. मुळ्याचं लिही, छपराचं लिही, काय वाटेल ते लिही. तुझ्याकडून मी काहीच विचारत नाही आणि यापुढं विचारणार नाही. जो सांगायला मोकळा होता त्यानं सांगितलंय.

काल सकाळी मी वेदीची कापडं इस्त्री करत होते. मास्तर पायरीवरून उठून आत आले आणि भिंतीला टेकून खालीच बसले. म्हणाले, "ठराव होऊ देऊ नकोस."

म्हटलं, मी कोण थांबवणारी?

"मी सांगितलं होतं पोलिसांना."

मी इस्त्री तशीच धरून उभी. कापड जळालं, मधोमध, चांगलं मोठं भोक पडलं.

त्या रविवारच्या आधी ते दोन दिवस शिक्षणखात्याच्या तपासणीला गेले होते, ते तपासणीला नव्हतेच. त्यांना उचललं होतं. परत आले तेव्हा उजव्या हाताची बोटं सुजलेली. मला म्हणाले, शाळेच्या कपाटाच्या दारात सापडली. मी हळद लावून बांधली. दारातच सापडली होती रे. ते दार दुसरं होतं, आणि दुसरा कुणीतरी ते बंद करत होता. चौथ्या बोटाला त्यांनी कारखाना सांगितला, वार सांगितला, वेळ सांगितली. पोलिस म्हणाले, तूही जाऊन बस, म्हणजे संशय येणार नाही.

शनिवारी संध्याकाळी ते चर्चमध्ये आले आणि पापनिवेदनाच्या रांगेत उभे राहिले. जाळीच्या अलीकडे गुडघे टेकून तुला सगळं सांगितलं.

मी ओरडले, "अहो, पण तिथं कशाला? घरी सांगायचंत! रस्त्यात सांगायचंत! जेवताना सांगायचंत!"

तर म्हणाले, "तिथं माझं नाव बाहेर पडणार नव्हतं. मला वाटलं, धाकटे नाव सांगणार नाहीत, पण सगळ्यांना घरी बसवतील. नाव तेवढं सांगत नाहीत, असंच मला वाटत होतं."

मास्तर आपल्यातले नव्हते. माझ्याशी लग्न करायचं म्हणून बाप्तिस्मा घेतला, आणि शिकवायला बसलेल्या म्हाताऱ्या फादरांनी त्यांना सहा महिन्यांचं सहा दिवसांत उरकून दिलं. शेंबड्या पोरालाही जे ठाऊक असतं ते या शिकलेल्या माणसाला माहीत नव्हतं. जाळीतून आत गेलेलं फादरला वापरता येत नाही. नाव नाही, गोष्ट नाही, इशारा नाही. ऐकलंय म्हणून रस्ता बदलायचीही सोय नाही. जगात एकच जागा अशी, जिथं सांगितलं की सांगणारा सुटतो आणि ऐकणाऱ्याचे हात बांधले जातात. आणि हे नेमके तिथं गेले, सुरक्षित म्हणून!

तू त्यांना म्हणालास, "हेच मला अंगणात येऊन सांग. एक वाक्य. बाकी मी बघतो." ते हो म्हणाले. आणि रस्त्याकडच्या दारानं निघून आले.

अरे, मी तिथंच होते! वेदीमागच्या खोलीत कापडांच्या घड्या करत. तू अंगणात उभा होतास. दिवे लागले तरी उभा. मी म्हटलं, कुणाची वाट बघतोस? म्हणालास, "कुणाची नाही, हवा खातोय." मी म्हटलं, हवा खाऊन झाली असेल तर चहा पी. तो चहा तू प्यायला नाहीस आणि मी तुला त्यावरूनही बोलले.

दुसऱ्या दिवशी तुला घरी बसता आलं असतं. नाही, बसता आलं नसतं. बसला असतास तर मास्तर उघडे पडले असते. म्हणून तू पिशवी भरलीस. मास्तर म्हणतात, "धाकटे दारातून आत आले. मला वाटलं, अजूनही हे काही बोलतील, सभा मोडतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सुताराला म्हणाले, जरा सरक, आणि माझ्या शेजारी येऊन बसले." कोर्टातही बसलास, तिथून बोटीत बसलास, आणि इतके महिने बहिणीच्या शिव्या खात मुळे लावलेस.

मला तुझी माफी मागायचीय, पण ती अशी पत्रात मावत नाही. तू समोर ये, मग बघू.

ताई

२३ जून

धाकट्या,

घाईत लिहितेय. टपाल आत्ता निघेल.

छापखानेवाल्यांकडे जाऊन आले. सगळं सांगितलं. त्यांनी शाईचे हात पुसले, मला खुर्ची दिली, आणि फार मऊ आवाजात म्हणाले, "ताई, बहिणीचं काळीज आहे, समजतं मला. पण नवऱ्याला बळी देऊ नका." मग म्हणाले, "तसं असेल तर फादरांना पत्रानं विचारतो. ते हो म्हणाले तर ठराव मागे घेतो." तू हो म्हणणार नाहीस. तुझ्या गळ्यावर सुरी ठेवली तरी म्हणशील, मला काही माहीत नाही. म्हणजे झालंच.

तेव्हा एकच तोंड उरलं. मास्तरांना मी सांगितलंय, रविवारी चौकात तुम्ही स्वतः बोलायचं. नाहीतर सोमवारी मी या घरात नसेन. त्यांनी मान हलवली. पण मान त्यांनी त्या शनिवारीही हलवली होती.



ताई

३० जून

धाकट्या,

ते बोलले. हे आधी लिहिते, म्हणजे तुला पान संपेपर्यंत जीव मुठीत धरायला नको.

चौक गच्च भरला होता. बँड होता, मी शिवलेले झेंडे होते, त्यातला एक अजूनही उलटाच. मी पुढच्या रांगेत बसले होते, म्हणजे मास्तरांना पळायला जागा राहणार नाही. ते उठले. कागद आणला नव्हता. वर्गात उभे राहतात तसे उभे राहिले आणि म्हणाले, "पोलिसांना फादरनी सांगितलं नाही. मी सांगितलं. सुतार माझ्यामुळे गेला."

मी डोळे मिटले. म्हटलं, आता दगड येतील, येऊ देत.

दगड आले नाहीत. छापखानेवाले उठले, डोळ्यांत पाणी, आणि त्यांनी मास्तरांना मिठी मारली. मग लोकांकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? याला म्हणतात मन! मेव्हण्याचं पाप हा माणूस स्वतःच्या डोक्यावर घेतोय!"

टाळ्या, धाकट्या. टाळ्या! लोक उभे राहिले. मास्तर ओरडले, "नाही हो, मीच, खरंच मीच," तर आणखी टाळ्या. त्यांनी वाकडी झालेली बोटं वर करून दाखवली, हे बघा, ही मोडली तेव्हा मी बोललो. लोकांनी बोटं बघितली आणि बायका रडायला लागल्या. एवढं सोसलं आणि वर हे मोठेपण! शाळेला त्यांचं नाव द्यायचं तिथल्या तिथं ठरलं. मी उभी राहून ओरडत होते, अहो, खरं बोलताहेत ते! शेजारच्या बाईनं मला खाली बसवून पाणी पाजलं. आणि मग तुझ्यावरचा ठराव, एकमतानं.

मला हसू यायला लागलं. हसत हसत घरी आले आणि दार लावून ओकले.

मास्तर फुलांचा गुच्छ हातात घेऊन दारात उभे. म्हणाले, "आता काय करू?" आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस मला विचारतोय काय करू! म्हटलं, गर्दीला सांगून झालं, आता एकेकाला सांगा. दारोदार. पहिलं दार समोरचं. तिच्या डोळ्यांत बघून सांगायचं, आणि तिनं मोठं मन म्हटलं तर पुन्हा सांगायचं, आणि पुन्हा.

सोमवारी सकाळी ते समोर गेले. मी खिडकीतून बघत होते, लपून वगैरे नाही. सुतारीण पायरीवरच होती. मास्तर तिच्यासमोर उभे राहिले, मग खाली बसले. बराच वेळ बोलत होते. ती रंधा मांडीवर घेऊन ऐकत होती. सभेत तिनंच त्यांचा हात धरून कपाळाला लावला होता, म्हणून मला वाटलं, आता पुन्हा तेच. तर तिनं रंधा बाजूला ठेवला आणि उठून मास्तरांच्या थोबाडीत मारली. अशी मारली की मला इकडं ऐकू आली. मग दुसरी. मास्तरांनी हात वर केला नाही.

ते घरी आले, जेवायला वाढ म्हणाले, आणि पोटभर जेवले. मी वाढलं. मी त्यांना माफ केलंय असं समजू नकोस. रात्री त्यांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत असतं, आणि दिवसा ते पुढच्या दाराला जातात. आत्तापर्यंत चार झाली. दोघांनी पाठ थोपटली, एकानं चहा पाजला, एकानं वेड लागलं म्हणून डॉक्टर सुचवला.

काल सुतारीण माझ्याकडे आली. मी मशीन थांबवलं. इतके महिने जिच्याकडे बघायची टाळाटाळ केली ती माझ्या समोर, माझ्याच स्टुलावर. म्हणाली, "तुझा भाऊ कधी येतोय?"

म्हटलं, ठराव झालाय ना.

"ठराव मी बघते. छापखानेवाल्याला म्हटलंय, माझ्या नवऱ्याच्या नावानं टाळ्या वाजवता, तर माझं ऐका. बोटीच्या धक्क्यावर त्याला कुणी हात लावला तर आधी मला लावावा लागेल."

मी तिचे हात धरायला गेले. तिनं काढून घेतले.

म्हणाली, "थांब. मी त्याला सोडलेलं नाही. नुसतं 'आज नको' एवढं म्हणाला असता ना गं तो? कुणाचं नाव नको, गाव नको. 'आज नको.' माझा माणूस आज लाकूड तासत असता."

मी नियम सांगायला लागले. ती म्हणाली, "नियम मला नको सांगूस, तुझ्याच बरोबर बसून मी तो पाठ केलाय. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. शेजारी बसला होता ना तो माझ्या नवऱ्याच्या? सरक म्हणाला ना त्याला? तेव्हा त्याच्या मनात काय होतं, ते मला ऐकायचंय."

धाकट्या, मला वाटलं होतं की खरं कळलं की तू सुटशील. मी आठवडाभर त्याच आशेवर धावत होते. खरं जिला कळलं तीच तुझ्या दारात येऊन बसलीय.

तुला तिच्यापुढं बोलता येणार नाही हे मला ठाऊक आहे. मास्तरांनी सगळ्या गावाला सांगितलं तरी तू बांधलेलाच. ती विचारेल आणि तू गप्प उभा राहशील, आणि ती बघत राहील. मठात राहिलास तर हे टळेल. एक हिवाळा, मग मुळ्यांच्या शेजारी आराम.

तू येतोयस असं मी तिला सांगून बसलेय. तुला न विचारता. बिशपांच्या कारकुनालाही सांगितलंय, गावाचं मी बघते, तुम्ही बोट बघा. तेव्हा ये. धक्क्यापासून तुझ्या एका बाजूला मी चालेन, दुसऱ्या बाजूला मास्तर चालतील, आणि लोकांनी काय फेकायचं ते फेकू देत. आधी आईकडे जाऊ. मग सुतारणीच्या पायरीपर्यंत आम्ही दोघं येऊ. आत तुला एकट्यालाच जावं लागेल.

ताई